दोन नंबरचा रिमोट

६ नोव्हेंबर २०००, सोमवार
रणगाड्याच्या गेममध्ये आमच्या घरानं सतरावी पातळी गाठली. शेजारच्या खतीजाबींनी या वृत्ताला दुजोरा दिला — "भाईसाब, सतरा! मैं और भाभी!" मी त्या वेळी कळमनुरीच्या नगरपालिकेत सभेची बातमी घेत बसलो होतो. म्हणजे 'आमच्या घरानं' यात मी नाही.

मुलगा, दिपक, दिवाळीत टीव्ही गेम घेऊन आला. तो कॉलेजला परत गेला, यंत्र इथंच राहिलं. वाटलं, संध्याकाळी आम्ही नवरा-बायको खेळू. खेळलोही — चार दिवस. मग खतीजाबी आल्या.

८ नोव्हेंबर
कॅसेटवर लिहिलंय, नऊशे नव्व्याण्णव गेम. निघाले अकरा! बाकी सगळे तेच, नावं बदलून. असा मथळा मी दिला असता तर नांदेडच्या ऑफिसनं घरी बसवलं असतं.

मोटारीचा गेम : रस्ता संपत नाही, गाव येत नाही, आडवी म्हैस नाही. हिंगोली रोडवर याहून जास्त थरार आहे. बदकांचा : बंदूक जिथं रोखावी तिथं गोळी लागत नाही. शुद्ध फसवणूक. ठोकळ्यांचा बरा, पण एकट्यानं खेळायचा. एकट्यानं जिंकून सांगायचं कुणाला?

रणगाड्याचा मात्र अव्वल. दोघांनी मिळून विटांच्या भिंतीआडचं पाखरू राखायचं. वरून शत्रूचे रणगाडे येत राहतात. पाखरू मेलं की खेळ खलास. मांडणी साधी, शब्द वाया नाही.

आणि नेमका हाच माझ्या वाट्याला येत नाही!

११ नोव्हेंबर
बातम्या फॅक्स करून घरी आलो. हसणं दारातूनच ऐकू आलं. माझी बायको मिरा अशी हसते? चप्पल काढायची विसरून ऐकत उभा राहिलो.

"भाभी, पीछे देखो, आया मुर्दा!"

"तू पाखरू सांभाळ खतीजा, या भाड्याला मी बघते!"

भाड्या! इतक्या वर्षांत माझ्यासमोर हिच्या तोंडून शिवी निघालेली नाही.

"मलाही द्या एक डाव," मी म्हणालो.

"भाईसाब, तुम खबरां लिखो. जंग हमपे छोडो."

दोघी पुन्हा हसल्या. चहा मीच केला. साखर दुप्पट पडली. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

१५ नोव्हेंबर
खतीजाबी भाचीच्या लग्नाला वसमतला गेल्या. आठवडाभर नाहीत. आनंद झाला — लिहायला लाज वाटते, पण झाला.

जेवण झाल्यावर दोन्ही रिमोट पुसून समोर ठेवले. म्हणालो, चल.

"न्हाई खेळायचं मला तुमच्यासंगं."

"काहून?" मीही तिच्याच सुरात विचारलं. हसली नाही.

"तुमी मधीच थांबवता."

खरं आहे. स्टार्टचं बटण एक नंबरच्या रिमोटलाच असतं. खेळ सुरू त्यानंच, थांबतो त्यानंच. दोन नंबरवाल्यानं नुसतं सोबत असायचं. ते चार दिवस एक नंबर माझ्या हातात होता. फोन वाजला, थांबव. नांदेडनं आकडा विचारला, थांबव.

"माझा रणगाडा तसाच हुबा. अन मी बी तशीच, टीव्हीकडं बघत. खतीजा न्हाई थांबवत."

दोन्ही रिमोटच्या वायरी गुंडाळून ठेवल्या.

१६ नोव्हेंबर
मला खतीजाबींचा हेवा वाटतो. सौम्य शब्द शोधून पाहिला. नाही सापडला.

१९ नोव्हेंबर
"मला दोन नंबर दे," म्हणालो.

मिरानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दोन नंबरच्या धंद्यावर लय छापलं तुमी. आता सोताच धरता व्हय?"

धरला. पहिल्याच पातळीत पाखरू मेलं, तेही माझ्याच गोळीनं. घाई! संध्याकाळच्या आत सगळं उरकायची सवय नडली.

"राहू द्या," ती म्हणाली. अगदी हळू, पाहुण्याला म्हणावं तसं. खतीजाबी चुकल्या असत्या तर त्यांना शिवी मिळाली असती. तीसुद्धा माझ्या नशिबात नाही.

२४ नोव्हेंबर
खतीजाबी आल्या, लग्नाचे लाडू घेऊन. मी मुकाट्यानं उठलो, दोन नंबर त्यांच्यापुढं धरला. पण मिरानं आपला एक नंबर त्यांच्या हातात दिला. "तुमी दोघं खेळा. मी बघते."

खतीजाबींनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. खेळ सुरू झाला. तेवढ्यात फोन वाजला. थांबवायचं बटण माझ्याकडं नव्हतं.

"पीछे देख, मुर्दे!" खतीजाबी ओरडल्या — आणि जीभ चावली.

मिरा पोट धरून हसत होती. फोन वाजून वाजून गप्प झाला.

उद्या सकाळी नांदेडहून झाडाझडती अपेक्षित. संध्याकाळी पाचवी पातळी.