‘इतर’ रकान्यातली फरशी

३ जानेवारी, सकाळी ७
कॉलेजच्या समाजसेवा उपक्रमात टीम लीडर म्हणून माझी निवड. बाकी तिघांनी नको म्हटलं. आपल्या मर्यादा ओळखणं हाही गुणच. डेपोमागची गल्ली मिळाली आहे. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आता मी बघणार. साठ तास सेवा, गल्लीतल्या जबाबदार माणसाची सही, मग सर्टिफिकेट. ते नाही तर डिग्री नाही. बाबांना सांगून टाकलं, उत्कृष्ट प्रकल्पाचं बक्षीस आपल्याच घरी येणार. बाबा म्हणाले, आधी जेवलेलं ताट उचल.

५ जानेवारी
गल्लीची पाहणी. तोंडाशीच गटार, वरची फरशी फुटलेली. ती फुटल्यापासून एक आजोबा गल्लीबाहेर पडलेले नाहीत म्हणे. बिचाऱ्यांना प्रेरणेची गरज आहे. शिलाईवाल्या मावशींचा शब्द इथे चालतो, सही त्यांचीच लागणार. त्यांनी विचारलं, फरशी बसवून देता का? मी समजावलं, असं एकदम काही करायचं नसतं. आधी सर्वेक्षण, तेही शनिवारपासून. त्या म्हणाल्या, नाकर्त्याचा वार शनिवार. नोंद: स्थानिक म्हणी गोळा करणे.

१४ जानेवारी
सर्वेक्षण पूर्ण. ‘तुमची मुख्य गरज कोणती?’ पर्याय: प्रेरणा, नेतृत्व, जनजागृती, इतर. एकसष्टच्या एकसष्ट घरांनी ‘इतर’वर खूण करून पुढे ‘फरशी’ लिहिलं. आजोबांनी तर मापं टाकून चित्र काढलंय. निष्कर्ष: जागृती अजिबात नाही.

१९ जानेवारी
टीममधली चष्मेवाली म्हणते, आपणच फरशी टाकू, दोन दिवसांचं काम. पोरीला व्हिजनच नाही. मी लोगो फायनल केला. उगवता सूर्य आणि मी. सूर्य जरा लहान करावा लागला. टी-शर्ट ढगळ आले, मावशींनी चारही उसवून नीट शिवून दिले. लोकसहभाग वाढतोय.
उद्यापासून पाचला उठणार.

२० जानेवारी, सकाळी ११.४०
उठलो.

२ फेब्रुवारी
जनजागृती फेरी. सगळे दिसावेत म्हणून मी पुढे, तोंड मागे करून उलटा चालत. घोषणा माझीच: ‘एक पाऊल पुढे!’ तिसऱ्या वेळेला गटारात. गल्लीतल्या प्लंबरकाकांनी काखेत हात घालून वर काढलं. आजोबांनी पाण्याची नळी धरून मला धुतलं, कानामागे दोनदा. चष्मेवालीनं विचारलं, हेही ‘इतर’मध्ये टाकायचं का?

३ फेब्रुवारी
पायाला प्लास्टर. चार आठवडे. सेवेत खंड नाही.

११ फेब्रुवारी
प्लंबरकाका रोज मला डेपोपासून हातगाडीवर घालून आणतात. मी मावशींच्या दुकानात बसून गल्लीला वेळ देतो. मावशींनी बटण लावायला शिकवलं. शर्ट अंगातच होता, बाही पोटाला शिवली गेली. उसवायला अर्धा तास. आजोबांनी माझ्या अहवालातल्या चुका काढल्या. अठ्ठेचाळीस. पहिल्या पानावर. या लोकांना मी किती कामाला लावलंय!

१८ फेब्रुवारी
फरशी झाली. प्लंबरकाका, चष्मेवाली आणि बाकीच्या दोघांनी कालपासून खपून सिमेंट ओतलं. मी कुबडीवर देखरेख केली. ओलं आहे, येऊ नको, असं सगळे ओरडले. मला वाटलं, जयजयकार. कुबडी आत गेली, आरपार. काका चिडले, मग म्हणाले, राहू दे भोक, वरचं पाणी जाईल. माझं योगदान तांत्रिक स्वरूपाचं आहे.

९ मार्च
मावशींनी फॉर्म भरून सही केली आणि बंद पाकिटात थेट आमच्या सरांकडे दिला. उद्या समारंभ. बाबांना पुढची खुर्ची. भाषण तयार, चौदा पानं.

१० मार्च, संध्याकाळ
तिघांना सर्टिफिकेट मिळालं. माझ्या नावापुढे मावशींनी शून्य तास लिहिले होते. मागच्या बाजूला: ‘गल्लीनं या मुलासाठी घातलेले तास: ६३.’ खाली तपशील. काढणे, धुणे, आणणे, नेणे, उसवणे.
उत्कृष्ट प्रकल्पाचं बक्षीस गल्लीला. मावशींनी घेतलं. मग सरांनी मला स्टेजवर बोलावलं, लाभार्थी म्हणून. आजोबा नव्या फरशीवरून एकटे चालत आले होते. सगळ्यात जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. वाईट वाटलं. खरंच खूप वाईट वाटलं.
डिग्री वर्षभर लांबली. सर म्हणाले, साठ तास पुन्हा. गल्ली कुठली, मी विचारलं. मावशी म्हणाल्या, आमचीच, काम अर्धवट सोडायची आम्हाला सवय नाही.
घरी आलो. जेवलो. ताट उचलून घासून ठेवलं. बाबांनी विचारलं, हे तास कुणाच्या नावावर लिहायचे?