अण्णांची पन्नासची लेन्स

कोपरगाव, रविवार, संध्याकाळ

अण्णा गेल्यावर घरातल्या सगळ्यांचा पहिलाच फोटो आज काढला. त्यांची जुनी पन्नास एमएमची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर चढवली, अंगणात ते ठेवायचे त्याच फरशीवर स्टँड ठेवला. सगळं त्यांचंच, मग फ्रेम काय बघायची? टायमर लावला की अण्णा पळत येऊन डाव्या कडेला उभे राहायचे. आई म्हणाली, "कडंची जागा मोकळी ठेवा. येत्यात ते पळत." सगळ्यांनी ती मोकळी ठेवली. टायमर लावून मी आईच्या मागे जाऊन उभी राहिले.

मघाशी फोटो मोठा करून पाहिला. कडेची ती जागा त्यात नाहीच. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर अण्णांच्या फिल्मपेक्षा लहान, तो मधलाच भाग घेतो. पन्नासची लेन्स पंचाहत्तरसारखी वागते. कॅमेऱ्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना मीच सांगते ना हे? थोडं मागे सरकायचं होतं, बस.

आता फोटो कसा गच्च भरलाय. कुणी कमी आहे असं वाटतच नाही.

फक्त आई कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. ती त्या कडेकडे बघतेय, फ्रेमच्या बाहेर. आणि हसतेय, कुणीतरी धापा टाकत शेजारी येऊन उभं राहिल्यासारखी.