सुखाचे ब्याण्णव गुण

सिव्हिल लाइन्स, झाशी
४ मे २०२५

चि. मेघना हीस,
बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर बोलायचं तर तुझ्या या घराची भिंत खरोखर ऐकते. मागे जरा घसा बसला होता, तर तिने मला उदास ठरवून तुला कळवलंसुद्धा. कागद तिला वाचता येत नाही, आणि झाडायला येणारी आमची कमळाबाई तो टपालपेटीत टाकून देते.

तू आम्हा म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या या घरांना मी नावं ठेवत नाही. बाहेर पंचेचाळीस आणि आत सत्तावीस, तेही एसीशिवाय. न्हाणीचं पाणी खालच्या कडुनिंबांना जातं. गरम वाऱ्याची लू सुटली की खिडक्या आपल्या आपण मिटतात. रेल्वेत सिग्नल तपासत उन्हात पस्तीस उन्हाळे काढलेल्या माणसाला ही चैनच. तुझी आई असती तर तुझी दृष्ट काढली असती.

अडचण चिरगावची आहे. माझा जुना मित्र जगन्नाथ तिथे अंथरुणाला खिळल्यापासून दर बुधवारी सकाळच्या बसने मी त्याच्याकडे जात असे. पण उन्हाळा लागल्यापासून दहा ते सहा मी बाहेर दिसलो की तुझ्या फोनवर लाल निरोप जातो. एप्रिलच्या पहिल्या बुधवारी बसमध्ये तुझे चार फोन आले, चौथ्यात तू रडलीस. तेव्हापासून मी गेलेलो नाही. तो निरोप बंद करता आला तर बघ.

बाकी क्षेम. म्हाताऱ्यावर माया ठेव.
तुझा,
बाबा


पुणे
१० मे २०२५

ती. बाबांना,
मेघनाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कमळाबाईंना सांगा, तिकीट उलटं चिकटवलं होतं!

तुम्हाला आनंदाची बातमी देते. पावलं आणि बोलणं-हसणं मोजून निघणारा तुमच्या घराचा सुखाचा आकडा शंभरात ब्याण्णव आहे, आपल्या चाळीस घरांत पहिला. तुमच्या मजल्यावरची चारही घरं पहिल्या पाचात आहेत. आणि घरातल्या घरात रोज सहा हजार पावलं? या वयात? तुम्ही माझं प्रगतिपुस्तक कॉलनीभर दाखवत हिंडायचात, तसा मी तुमचा आलेख मीटिंगमध्ये पडद्यावर लावला.

चिरगावचं मात्र जमायचं नाही. आमचे प्रमुख भूषणसर म्हणतात, महिनाभर त्या वेळात कुणीही बाहेर गेलं नाही आणि सगळे मजेत आहेत, म्हणजे बाहेर जायची गरजच उरलेली नाही. म्हणून १ जूनपासून उन्हाळ्यात दहा ते सहा दार बंद राहील. आग लागली किंवा डॉक्टर लागला तर उघडेल. एरवी त्या वेळात बाहेर राहायचं असेल तर मुलांनी फोनवरून त्या दिवसापुरती परवानगी द्यायची. मी देणार नाही, आधीच सांगते! माझ्या अहवालावर मी सही केली की आणखी सहा शहरांत हीच पद्धत. जगन्नाथकाकांना व्हिडिओ कॉल लावून देईन.

तुम्ही सुखात आहात, यात मला सगळं आलं. असाच आशीर्वाद असू द्या.
तुमची,
मेघना


झाशी
१६ मे २०२५

चि. मेघना हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी सही होण्याआधी हे तुला कळायलाच हवं. ती सहा हजार पावलं माझी नाहीत.

बाहेर पडायचं नाही, मग चालायचं कुठे? बसून राहिलो की आकडा उतरतो, आकडा उतरला की तू तिकडे झुरतेस. म्हणून सकाळी कमळाबाई आली की पावलं मोजणारा माझा मनगटाचा पट्टा मी तिच्या हातात बांधतो. ती दुपारपर्यंत मजले झाडते. माझं बघून शेजारच्या तिघांनीही आपापले पट्टे तिला दिले. दोन्ही हातांत दोन-दोन झाले, तेव्हा ती वैतागून विचारत होती की बाऊजी, अब चुडियाँ कहाँ पहनूँ. आमच्या अख्ख्या मजल्याची तब्येत ही एकट्या कमळाबाईची तब्येत आहे. संध्याकाळी मी भिंतीशी भाजीच्या भावावर बोलतो आणि माझ्याच विनोदाला हसतो, कारण गप्प राहिलं की गुण कापले जातात.

मंगळवारी त्या तिघांतले समोरचे देवेंद्र, रेल्वेतले गार्डसाहेब, न्हाणीत पडले. न्हाणीत भिंतीला कान नाहीत. सकाळी सात ते दुपारी बारा ते तिथेच पडून होते, आणि बंगलोरला त्यांच्या मुलाच्या फोनवर ते भराभर चालत होते. कमळाबाई पट्टा परत द्यायला गेली तेव्हा कळलं. खुब्याचं हाड मोडलं आहे. जिवावरचं हाडावर निभावलं, पण युक्ती माझी होती.

आग लागली तर दार उघडेल म्हणतेस. करमेनासं झालं तर? मी कोंडला गेलो आहे, मेघना. गार, स्वच्छ जागेत आहे, पण कोंडलेलाच आहे. तुझ्या कामाला बट्टा लागेल म्हणून गप्प बसलो. आता हवं तेवढं रागाव.

रागातही ममता ठेवशील, ही खात्री आहे.
तुझा,
बाबा


पुणे
२४ मे २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

रागावले. दोन दिवस तुमच्यावर, मग स्वतःवर. रोज उठल्यावर मी तुमचा आकडा बघायचे. ब्याण्णव दिसले की फोन करायची गरज वाटायची नाही. तुम्ही तो माझ्यासाठी वाढवलात आणि मी माझ्या सोयीसाठी खरा मानला. दार बंद व्हायच्या आधीच माझ्या रडण्याने तुम्हाला कोंडलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

भूषणसरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, म्हातारी माणसं खोड्या काढणारच, आता पट्टा असा करू की मनगटावरून निघणारच नाही. मी सही केली नाही. ती दुसऱ्याने केली आणि काम माझ्याकडून गेलं. दार १ जूनला बंद होणार, बाबा. मीच आखलेलं दार आता मला थांबवता येत नाही. देवेंद्रकाकांच्या मुलाशीही बोलले. त्याने मनापासून आभार मानले आणि सांगितलं की बाबा बरे झाले तरी परवानगी तो कधीच देणार नाही. मला तो परका वाटला नाही, परवापर्यंत मीही हेच म्हणत होते.

माझ्या हातात एवढंच उरलंय की तुमच्या एका दाराची परवानगी मी देऊ शकते. कायमची देता येत नाही, दर वेळी नव्याने द्यावी लागते, कारण दुसरी सोय मीच ठेवली नाही. ४ जूनला बुधवार आहे. सकाळी ती दिलेली असेल. तुम्ही चिरगावला जा, काकांजवळ हवा तेवढा वेळ बसा, आणि परत आल्यावर मला पत्र लिहा. परवानगी असली तरी लाल निरोप येईलच, पण मी फोन करणार नाही. भीती वाटेल. ती माझी मी सोसेन.

लेकीवर लोभ असू द्या, या वेळी जरा जास्तच.
तुमची,
मेघना