टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी

मी, भानुदास सुखदेव रामटेके, वय ७१, राहणार नोव्हाय, मिशिगन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यकृताच्या कॅन्सरमुळे डॉक्टरांनी मला सहा आठवडे दिले होते. त्यातले दोन संपले. लिहायच्या दिवशी मी दुखण्याचं औषध घेत नाही, म्हणजे हे गुंगीत लिहिलं असं कोणी म्हणायला नको. पहिली तीन कलमं रविवारची, पुढची आजची. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. राहतं घर व इतर सर्व मिळकत माझी मुलगी रोशनी हिला. तिच्या आईची, म्हणजे कैलासवासी नव्हे, आमच्यात म्हणतात तसं कालकथित संघमित्राची, पुस्तकं तिने विकू नयेत.

कलम २. गॅरेजमधली अवजारं, नवा कॉम्प्रेसर आणि रंगाच्या गन इथल्या हायस्कूलच्या वर्कशॉपला. अट एकच. रोज काम संपल्यावर कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढायचं.

कलम ३. हे कलम मिळकतीचं नाही, पण याच्यासाठीच लिहायला बसलो.

हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत गार होऊन पाणी होते. ते गनपर्यंत पोचलं की रंगावर फोड येतात. मी अठ्ठावीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात रंग विभागाचा इंजिनियर. विहारातल्या बुद्धमूर्तीच्या चौथऱ्यावर माझ्या हातून फोड आले तेव्हा लाज वाटली. गॅरेजच्या भिंतीवर उतार देऊन तांब्याचे पाइप फिरवले, शेवटी फिल्टर आणि ओलावा शोषणाऱ्या मण्यांची बरणी लावली. रंग आरशासारखा येऊ लागला. लोक बघायला यायचे. नळीच्या टोकाला कोरडी हवा मिळू लागल्यावर टाकीचा कॉक उघडायला मी वाकेनासा झालो. गुडघे दुखायचे. आज राहू दे, उद्या राहू दे, असं करत पाच वर्षं गेली. साचलेल्या पाण्याने टाकी आतून गंजत होती.

१४ जुलै २०१८, शनिवार. माझा मित्र शंतनू मुलीच्या सायकलीला रंग मारायला आला होता.

"भाऊ, प्रेशर कमी वाटतंय. वाढवू?"

"वाढव ना थोडं," म्हणून मी चहा आणायला आत गेलो. टाकी तळातून फुटली. शंतनूचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर तो मला म्हणाला, "सॉरी भाऊ. मी ती कळ जास्त फिरवली बहुतेक."

ती कळ फक्त नळीतला दाब बदलते. टाकीशी तिचा संबंध नाही. मला हे माहीत होतं. तो सॉफ्टवेअरवाला, त्याला नव्हतं. मी म्हणालो, "होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस." आणि तिसऱ्या दिवशी तो गंजका तळ भंगारात टाकून आलो.

विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगितलं, "शंतनूने प्रेशर वाढवलं." वाक्य खोटं नव्हतं. गॅरेजच्या फरशीवरचं गंजाचं तांबूस पाणी संघमित्राने पाहिलं होतं. जाण्याआधी तिने विचारलं, "शंतनूंना खरं सांगितलंत ना?" मी हो म्हणालो.

कलम ४. परवा रोशनीने वरचा मजकूर वाचला. "बाबा, यू कान्ट जस्ट डाय अँड मेल धिस टू हिम. फोन करा. आत्ता."

केला. सगळं सांगितलं. शंतनू म्हणाला, "म्हणजे मी हात लावला नसता तरी?"

"तरी फुटली असती."

त्याने फोन ठेवला. त्यानंतर सतरा वेळा लावला. उचलत नाही.

काल त्याची बायको कांचन आली. बसली नाही. "भाऊजी, सात वर्षं मी त्याला बोलतेय. नको तिथे हात घालतोस म्हणून. पोरीसमोर. त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. आता हे मी कुठे नेऊन ठेवू?"

मी हात जोडले. ती दारापर्यंत मागे सरकली. "नको. तुम्ही मरताय म्हणून मी माफ करणार नाही."

कलम ५. इथे आधी माफीची विनंती लिहिली होती. ती खोडली आहे. त्याऐवजी, मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात कोणीही माझ्याबद्दल चांगलं बोलण्याआधी रोशनीने कलम ३ मोठ्याने वाचावं. इंग्रजीतही वाचावं. शंतनूची मुलगी आता सोळा वर्षांची आहे, तिला नीट कळलं पाहिजे. शंतनूच्या घरचे तिघं आले नाहीत तरी वाचावं.

‘शंतनूने प्रेशर वाढवलं’ हे वाक्य मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या तेवीस जणांची यादी सोबत जोडली आहे. खूण केलेल्या चौघांना मी स्वतः फोन करून खरं सांगितलं. रोज जमतील तेवढे करतोय, पण बोलताना दम लागतो. जे उरतील ते रोशनीने करावेत. एकही सोडू नये.

(सही) भानुदास सुखदेव रामटेके

साक्षीदार: वरील सही त्यांनी आम्हा दोघांदेखत केली. ते शुद्धीवर होते. मध्ये दोनदा थांबले.
(सही) अहिल्या वासनिक
(सही) अतुल गजभिये

नोव्हाय, मिशिगन
२४ ऑक्टोबर २०२५