दीड दिवसाची खिडकी

प्लेनो, टेक्सास, ८ सप्टेंबर २००५

लाँड्री रूमबाहेरच्या बाकावर बसून आज लिनबाईंनी मला एका शहरात नेलं. आत ड्रायर घरघरत होता.

लिनबाई चीनमध्ये, चेंगडूच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. आता इथे मुलाकडे असतात, नातवंडं सांभाळतात आणि मला चिनी विज्ञानकथा सांगतात. मांडीवर पिवळं पडलेलं मासिक. त्यात पाहत मात्र नाहीत. आजच्या गोष्टीतली इमारत शहराएवढी. इतकी जाड की आतल्या घरांना खिडकीच नाही! मग दर मजल्यावर एकच खिडकी रुळांवरून घरोघर फिरते. दर घरी वर्षातून दीड दिवस. लोक पडदे शिवतात, पाहुणे बोलावतात. मग खिडकी पुढच्या घरी जाते आणि पोरं रडतात. शेवटी एक बाई ती परत देतच नाही. पुढच्या रुळांवर भिंत बांधते आणि रोज एकटी सूर्य पाहते.

म्हटलं, हा आमचा दीड दिवसाचा गणपती. आजच बाथटबमध्ये बुडवला.

"बाथटब? आणि तुम्ही अंघोळ कुठे करता?"

आधी करतो, म्हटलं.

१९ सप्टेंबर

गोष्ट मराठीत लिहून काढली. इथे आल्यापासून चार वर्षांत पहिलंच काही. माझ्या व्हिसावर नोकरीला बंदी आहे. लिहायला नसावी — विचारलेलं नाही.

लेखकाचं नाव विचारलं. "वेन. पुरुष होता," म्हणाल्या आणि चादरीची घडी घालू लागल्या.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकाला पाठवली. मंडळाच्या ईमेल ग्रुपवर आमच्या घरातून फक्त माझा नवरा चारुदत्त आहे, म्हणून त्याच्याच ईमेलवरून. खाली लिहिलं — मूळ चिनी कथा : वेन, मराठी : सुमेधा. मग बराच वेळ त्या शेवटच्या शब्दाकडेच पाहत बसले. नवऱ्याने विचारलं, "व्हायरस आला का गं?"

२ ऑक्टोबर

संपादक श्रीराम काकांचा फोन. "चिनी नावं आपल्या लोकांना झेपत नाहीत. पुणं करा."

पुणं केलं तर खिडकी दुपारी बंद ठेवावी लागेल, म्हटलं. काका हसले नाहीत. पुण्याचे आहेत.

"बरं, राहू द्या. पण वहिनी, टायपिंग सुंदर केलंय हं!"

टायपिंग!

५ नोव्हेंबर

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात अंक हातात आला. पान एकवीस. 'दीड दिवसाची खिडकी', लेखक : चारुदत्त.

वेन गेला. मी गेले. काकांना वाटलं, ईमेल ज्याची, गोष्ट त्याची. खालचं नाव टाइप करणारीचं. आणि स्टेजवर त्यालाच बोलावलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. गेला. नारळ घेतला. माइकवर म्हणाला, "थँक यू, बस, असंच सुचलं."

शेजारच्या खुर्चीतल्या शोभाताईंनी माझा हात दाबला. "लकी आहेस गं! आमचे हे चेकवर सहीसुद्धा नीट करत नाहीत."

गाडीत तो म्हणाला, "अगं, सगळ्यांसमोर ऑकवर्ड झालं असतं यार. घरातलीच तर गोष्ट आहे."

नारळ मागच्या सीटवर गडगडत होता. हायवेभर.

६ नोव्हेंबर

भात करपला. करपवला.

७ नोव्हेंबर

चारुदत्त म्हणतो, पुढच्या वर्षी तुझं नाव घालू. जणू खिडकी वाटतोय.

८ नोव्हेंबर

लिनबाईंना अंक दाखवला. वाटलं, हळहळतील. त्या हसत सुटल्या, डोळे पुसेपर्यंत. मग आपलं मासिक उघडलं आणि एका नावावर बोट ठेवलं.

"वेन. माझा नवरा. शाळेला आवडलं नसतं, म्हणून माझ्या गोष्टीला त्याचं नाव दिलं. त्याने आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. पार्ट्यांमध्ये मात्र गोष्ट छान समजावून सांगायचा."

पेन काढलं. आधी तिथलं नाव खोडलं, आपलं लिहिलं. मग पेन माझ्या हातात दिलं.

९ नोव्हेंबर

उरलेल्या दोनशे प्रती श्रीराम काकांच्या गॅरेजमध्ये आहेत. लिनबाईंनी पर्समध्ये चार पेनं टाकलीत. गाडी मी चालवणार.