नवा कोंबडा आरवेपर्यंत

६ मार्च, राखेचा बुधवार
कपाळावर राख लावून घेतली. उपवासाचे दिवस सुरू, ईस्टरपर्यंत चिकन बंद, नारळाची दारू बंद, शेजारच्या तेबानशी भांडण बंद. फादर एलाडियोंनी या वर्षी मला पीटर केलंय! पवित्र गुरुवारी फादर येशूसारखे बारा शिष्यांचे पाय धुतात, त्यात पहिला मी. शुक्रवारी नाटकातही पीटर मीच. अट एकच, आधी कन्फेशन करायचं, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायची. मला तर विषयच सापडत नाही.

१५ मार्च, शुक्रवार
फादरांचा कोंबडा पहाटे तीनपासून आमच्या खिडकीखाली बोंबलतो. आज आमच्या अंगणात आला. स्वतःच्या पायांनी आला, हे महत्त्वाचं. संध्याकाळी कच्ची पपई आणि आलं घालून रस्सा. बायकोला, लुमिंगला सांगितलं की बाजारातून आणला. फार चिवट. जेवल्यावर आठवलं, उपवासातला शुक्रवार. पण रस्सा म्हणजे तसं पाणीच.

१७ मार्च
चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर फादरांनी विचारलं, क्रिस्पुलो, माझा कोंबडा दिसला का रे? नाही म्हटलं. तेबानने विचारलं. नाही. कोणीतरी म्हणालं, तेबानच्या पुतोलनेच खाल्ला असणार, चोरटा कुत्रा. मी आरोप केला नाही. फक्त मान डोलावली.

२४ मार्च
नाटकाची तालीम. येशूला ओळखतोस का विचारल्यावर पीटर तीनदा नाही म्हणतो आणि कोंबडा आरवतो. मी सुचवलं, एवढा भित्रा सीन कापून टाका. कोणी ऐकलं नाही.

१ एप्रिल
पुतोल साखळीला बांधलेला. रात्रभर रडतो. कोंबडा परवडला. तेबान म्हणतो, पुढच्या आठवड्यात गाडीत घालून लांब सोडून येतो. मी म्हटलं, मुकं जनावर आहे, पोटात घाल. तो म्हणाला, क्रिस्पू, तुझं मन मोठं आहे रे. आहेच. पण जेवण गेलं नाही.

९ एप्रिल
कन्फेशनला सवारीच्या जीपनीत बसून शेजारच्या गावी गेलो. आमचे फादर माझा आवाज ओळखतात. कन्फेशनच्या जाळीशी बसलो आणि पलीकडून ओळखीचा खोकला आला. कन्फेशनच्या दिवसांत सगळे फादर एकमेकांच्या गावी मदतीला जातात. दरवर्षी जातात!
आवाज बदलून म्हटलं, एक पक्षी खाल्ला. कोणाचा? म्हटलं, सगळे पक्षी देवाचेच. पुन्हा तोच खोकला. मग फादर म्हणाले, चिवट होता ना? म्हातारा झाला होता बिचारा.
मग सगळंच बाहेर पडलं. शुक्रवार, कुत्रा, सगळं. वाटलं, आता झोडपतील. म्हणाले, देव केव्हाचा वाट बघतोय, तूच फिरून फिरून आलास. मला रडू आवरेना. खूप हलकं वाटलं.
मग प्रायश्चित्त. कुत्र्याला आजच्या आज सोडव. आणि मी पिल्लू आणतोय, ते मोठं होऊन आरवेपर्यंत पहाटे चारची घंटा तू वाजव.
चार महिने. किरकोळ.
तेबानला खरं सांगितलं. शिव्या खाल्ल्या. पुतोलने मात्र हात चाटला.

१८ एप्रिल, पवित्र गुरुवार
पीटर मीच! कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादरांना बाहेर वापरता येत नाही. अडकले. पण ते गुडघे टेकून खाली बसले, माझे पाय धुतले, पुसले, त्यांचा मुका घेतला. माझा ऊर भरून आला. लोक म्हणाले, काय अभिनय!

२ जून
रोज घंटा. गाव आदराने बघतं, असं मला वाटतं. तेबान म्हणतो, हळू वाजव मेल्या. पिल्लू गप्प. विचारी दिसतंय.

२० ऑगस्ट
अजून आरवत नाही. तुराही बारीकच. लाजाळू असेल. मीच रोज त्याच्यासमोर बसून आरवून दाखवतो. लुमिंग बघते आणि हसत आत जाते.

२४ सप्टेंबर
आज त्याने अंडं घातलं.
तसाच फादरांकडे गेलो. म्हटलं, आता माझ्या प्रायश्चित्ताचं काय? म्हणाले, कन्फेशनमधलं मला बाहेर बोलता येत नाही बाबा. बदलून हवं असेल तर पुन्हा कन्फेशनला ये.
लगेच गेलो असतो. पण नुसतं रडगाणं घेऊन कसं जाणार, काहीतरी पाप तर हवं? आणि पाप करायला वेळ कुठाय? मला संध्याकाळी सातला झोपावं लागतं.