डंकावर वहिनीचा अभ्यास

रविवार, २७ एप्रिल
लालबाग

उद्या वहिनीचा एमएससी केमिस्ट्रीचा पेपर, आणि आईला मसाला आजच कुटून हवा! डंकावर आपल्या मिरच्यांपाशी आपलंच माणूस उभं पाहिजे, नाहीतर दुसऱ्याचा मसाला गळ्यात पडतो. माझं डोकंच फिरलं. ही आठवडाभर लॅबची नोकरी करते, लेकीला, चिऊला सांभाळते, मग अभ्यास करायचा कधी?

"मी थांबतो, तू घरी जा."

"नको भावोजी, तुम्ही डंकवाल्याशी भांडाल. पुस्तक धरा फक्त."

धरलं. तिचा एक डोळा मिरच्यांवर, एक पुस्तकावर. डोळ्यांतून घळाघळा पाणी, तरी तोंडाने रिअ‍ॅक्शन चालूच. "उलटा पान!" शिंक. "पुढचं!" डोळे पुसायलासुद्धा थांबली नाही. मी तर एका सरांशी वाजलं म्हणून कॉलेजच सोडलं. आणि ही... कुठून आणते एवढा दम?

तेवढ्यात खिशात ऋताची रिंगटोन. महिनाभर या एका फोनसाठी झुरतोय मी!

"घ्या की," वहिनी शिंकत म्हणाली.

"पुस्तक मिटेल."

फोन वाजून वाजून थांबला. मी पुढचं पान उलटलं.